सुन्जाचे अश्रू आणि तांदळाचा हिशेब

‘पाचिन्को’ ही मालिका २०२२ च्या मार्चमध्ये ॲपल कंपनीच्या इंटरनेटवरील टीव्ही सेवेवर सुरू झाली आणि तिचे दुसरे पर्व २०२४ च्या ऑगस्टमध्ये आले. तेव्हापासून अनेक देशांतील प्रेक्षकांनी तिच्याविषयी जे काही लिहिले-बोलले त्याचा सूर पुष्कळसा एकच आहे. सुन्जा ही कोरियन बाई किती सोशिक, किती खंबीर, किती थोर आई! तिने काय काय भोगले आणि तरी तक्रारीचा शब्द काढला नाही! मालिका पाहून आपली आजी आठवली असे सांगणारे प्रेक्षक अमेरिकेत आहेत, युरोपात आहेत, आपल्याकडेही आहेत. या अश्रूंच्या खरेपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ज्या गोष्टीचे हे कौतुक चालले आहे त्या गोष्टीचा अर्थ कौतुकाच्या भरात कसा निसटतो, हे तपासून पाहणे समाजवादी विचाराच्या माणसाला आवश्यक वाटले पाहिजे.

ज्यांनी मालिका पाहिली नसेल त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगावे लागेल. मिन जिन ली या कोरियन-अमेरिकन लेखिकेची याच नावाची कादंबरी २०१७ साली प्रसिद्ध झाली. सू ह्यू यांनी तिच्यावरून मालिका रचली. कोरिया जपानच्या ताब्यात असतानाचा काळ. बुसानजवळच्या बेटावर सुन्जाची आई लहानशी खाणावळ चालवते. मासळीचा श्रीमंत अडत्या हान्सू याच्यापासून सुन्जाला दिवस जातात. त्याला जपानमध्ये बायको-मुले आहेत हे तिला नंतर कळते. खाणावळीत आजारी पडलेला इसाक नावाचा तरुण धर्मोपदेशक तिच्याशी लग्न करतो आणि १९३१ साली दोघे ओसाकाला इसाकच्या भावाच्या घरी जातात. तेथील कोरियन वस्ती, कर्ज, नवऱ्याची अटक, बाजारात हातगाडीवर किम्ची, म्हणजे कोबीचे तिखट लोणचे, विकून मुले वाढवणे, युद्ध, आणि अखेरीस १९८९ सालच्या सुबत्तेच्या जपानमधील म्हातारपण, असा हा पट आहे. तरुण सुन्जाचे काम किम मिन-हा यांनी आणि वृद्ध सुन्जाचे युन यो-जंग यांनी केले आहे. दोघींचा अभिनय प्रथम प्रतीचा आहे, याबाबत प्रेक्षकांशी मतभेद होण्याचा प्रश्नच नाही.

या मालिकेत एक प्रसंग आहे. मुलगी लग्न करून परदेशी निघाली आहे. तिला निदान एक वेळ पांढरा भात खाऊ घालावा म्हणून आई तांदळाच्या दुकानी जाते. दुकानदार अवघडतो. हा देशी तांदूळ जपानी गिऱ्हाइकांसाठी आहे. तो कोरियन बाईला कसा द्यायचा? अखेर तो तिला थोडासा मोजून देतो. ती माउली तो निवडते, धुते, शिजवते आणि मुलीपुढे ठेवते. प्रेक्षकांनी ज्या दृश्यांविषयी भरभरून लिहिले त्यांत हे एक आहे, आणि जवळजवळ प्रत्येकाने ते आईच्या मायेचे दृश्य म्हणून वाखाणले. ते तसे आहेच. पण ज्या देशात तांदूळ पिकतो त्या देशातल्या बाईला ओंजळभर तांदळासाठी दुकानदाराची मनधरणी का करावी लागते, हा प्रश्न फार थोड्यांना पडलेला दिसतो.

उत्तर जपानच्या आर्थिक इतिहासात आहे. १९१८ च्या उन्हाळ्यात जपानमध्ये तांदळाचे भाव भडकले. तोयामाच्या किनाऱ्यावरील मच्छीमार वस्त्यांतील बायकांनी तांदूळ बाहेरगावी जाऊ देण्यास विरोध केला आणि पाहता पाहता दंगलींचे लोण देशभर पसरले. लष्कर बोलवावे लागले, सप्टेंबरमध्ये मंत्रिमंडळ गेले. राज्यकर्त्यांनी त्यातून एक धडा घेतला. शहरांतील मजूर शांत ठेवायचा असेल तर तांदूळ स्वस्त हवा. आणि मजुरी वाढवायची नसेल तर तो अधिकच स्वस्त हवा. स्वस्त तांदूळ कोठून आणायचा? १९२० पासून कोरियात तांदूळ-उत्पादनवाढीची सरकारी योजना सुरू झाली. कालवे निघाले, खते आली, बियाणे बदलले. उत्पादन वाढले हे खरे. पण निर्यात त्याहून कितीतरी वेगाने वाढली. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकाच्या मध्यास कोरियात पिकणाऱ्या तांदळापैकी जवळपास निम्मा जपानला जात होता. कोरियन माणसाच्या वाट्याला येणारा तांदूळ दोन दशकांपूर्वीच्या मानाने सुमारे एकतृतीयांशाने घटला, आणि ती तूट मांचुरियातून आणलेल्या राळ्यावर भागवली गेली. पाणीपट्टीचा आणि खताच्या उधारीचा बोजा लहान शेतकऱ्यावर पडला, त्याची जमीन सावकाराकडे किंवा मोठ्या जमीनदाराकडे गेली, तो कूळ झाला. खंड देऊन पोट भरेना तेव्हा त्याने बुसानच्या बंदराची वाट धरली. तेथून पुढे जाण्यासाठी पोलिसांचा दाखला लागे. जपानी साम्राज्याचा प्रजानन म्हणवणाऱ्या माणसाला साम्राज्याच्या राजधानीकडे जाण्यास परवानगी लागे, तांदळाला मात्र ती लागत नसे.

आता ओसाकाचा विचार करावा. ‘पूर्वेचे मँचेस्टर’ म्हणून मिरवणाऱ्या त्या शहराला हात हवे होते. तांदूळ जेथे गेला त्याच्या मागोमाग तो पिकवणाराही गेला आणि जपानी मजुराहून बऱ्याच कमी मजुरीवर काच, रबर, कापूस, बांधकाम अशा कामांना लागला. इकाइनो या ज्या वस्तीत सुन्जा उतरते तिचे नाव डुकरे पाळणाऱ्यांच्या शेतावरून पडले आहे असे सांगतात. १९७३ साली ते नाव सरकारी नकाशातूनही काढून टाकण्यात आले. घरमालक कोरियनांना घर देत नसत. म्हणून एकेका खोलीत कुटुंबेच्या कुटुंबे. दुर्गंधी, गर्दी, चिखल, आणि वर ‘हे लोकच मुळी घाणेरडे’ हा शिक्का. अशा परिस्थितीत सुन्जा नमते घेत नाही, हा तिचा गुण खराच. पण ती परिस्थिती काही दैवाने धाडलेली नव्हती. दुष्काळ नव्हता, साथ नव्हती. तांदळाचा भाव, मजुरीचा दर आणि जमिनीची मालकी या तीन गोष्टींनी मिळून ती घडवली होती, आणि त्या तिन्हींबाबतचे निर्णय घेणारी माणसे व मंडळे इतिहासाला ठाऊक आहेत.

मालिकेतले कर्जाचे प्रकरण याच साखळीतले आहे. सुन्जा व इसाक यांच्या प्रवासखर्चासाठी थोरला भाऊ योसेब याने सावकाराकडून पैसे काढलेले असतात. सावकार दारात येतात. सुन्जा हान्सूने दिलेले घड्याळ विकून कर्ज फेडते आणि योसेब संतापतो. बाईने पैसे दिले यात त्याला घराची अब्रू गेलेली दिसते. बऱ्याच प्रेक्षकांनी येथे पुरुषी अहंकाराला दोष दिला आणि सुन्जाच्या बाणेदारपणाला दाद दिली. दोन्ही रास्त. पण ऊसतोडीच्या उचलीची ज्यांना माहिती आहे अशा येथल्या वाचकाला आणखी एक गोष्ट खटकल्यावाचून राहणार नाही. माणूस कामावर पोचण्याच्या आधीच कर्जबाजारी झालेला असतो, आणि म्हणूनच तो मिळेल त्या मजुरीला राबतो. योसेब चिडतो तो बायकांवर. ज्याच्यावर चिडायला हवे तो त्याच्या आवाक्यात नसतो.

‘ही तर सर्वांचीच कहाणी आहे’ असे म्हणणारा प्रेक्षकांचा एक मोठा वर्ग आहे. आयर्लंडमधून न्यूयॉर्कला गेलेली पणजी, व्हिएतनाममधून होडीने निघालेली आई, सगळ्यांच्या आठवणी सुन्जात मिसळून जातात. परक्या माणसाच्या दुःखात आपले दुःख ओळखता येणे ही लहान गोष्ट नव्हे. आंतरराष्ट्रीय बंधुभावाची सुरुवात तेथूनच होते. तथापि ‘सर्वांचीच’ म्हटले की ‘कोणामुळे’ हा प्रश्न मागे पडतो. अमेरिकन प्रेक्षक स्थलांतरितांच्या जिद्दीने भारावून जातो तेव्हा त्याच्याच देशाने १९२४ च्या कायद्याने आशियातील लोकांना दरवाजा बंद केला होता, हे त्याला आठवत नाही. कोरियन गरिबाला ओसाकाखेरीज फारशा वाटा उरल्या नव्हत्या, याच्याशी त्या कायद्याचाही संबंध आहे.

दुसरीकडे जपानमध्ये या मालिकेविषयी फारशी चर्चा झाली नाही. जी झाली तीत ‘हे जपानविरोधी आहे, इतिहासाचा विपर्यास आहे’ असा कडवट स्वर ऐकू आला. विशेषतः पहिल्या पर्वाच्या सातव्या भागाने तो स्वर तीव्र केला. त्या भागात १९२३ चा कांतो भूकंप आहे, आणि भूकंपानंतर कोरियनांनी विहिरींत विष कालवल्याची अफवा पसरवून त्यांची जी कत्तल झाली ती आहे. मेलेल्यांचा आकडा वादग्रस्त आहे. त्या काळी कोरियन कार्यकर्त्यांनी केलेल्या मोजदादीत तो सहा हजारांच्या पुढे होता. कत्तल झाली याविषयी मात्र वाद नाही. तत्कालीन न्यायालयांत काही खटलेही चालले होते. असे असता २०१७ पासून टोकियोच्या राज्यपालांनी दर १ सप्टेंबरला होणाऱ्या या बळींच्या स्मृतिसभेला श्रद्धांजलीचा संदेश पाठवणे थांबवले, आणि २०२३ साली, घटनेला शंभर वर्षे होत असताना, सरकारच्या प्रवक्त्याने वस्तुस्थिती समजू शकेल अशी नोंद सरकारदप्तरी आढळत नाही असे सांगितले. ज्या देशात शासनच असे बोलते तेथे एखाद्या प्रेक्षकाने मालिकेला खोटी म्हणावे यात नवल काय?

पण जपानी प्रेक्षक हा कोणी दगडाच्या काळजाचा माणूस नाही. त्याला कष्टकरी बाईच्या हालांविषयी कणव आहे याचा भक्कम पुरावा उपलब्ध आहे. १९८३ च्या एप्रिलपासून वर्षभर जपानच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर ‘ओशिन’ ही मालिका चालली. सुगाको हाशिदा यांनी ती लिहिली होती. रोज सकाळी पंधरा मिनिटे. एकूण २९७ भाग. सरासरी ५२.६ टक्के आणि एके दिवशी ६२.९ टक्के घरांत ती पाहिली गेली. जपानी मालिकांना असा प्रेक्षकवर्ग त्यापूर्वी आणि त्यानंतर मिळालेला नाही. पुढे ती साठाहून अधिक देशांत गेली. १९०१ साली यामागाता प्रांतातील कुळाच्या घरी जन्मलेल्या ओशिनला वयाच्या सातव्या वर्षी आईबाप दुसऱ्याच्या घरी चाकरीला धाडतात. मोबदला काय? एक पोते तांदूळ!

तेथेही तांदूळ आणि येथेही तांदूळ. ओशिनचा बाप भात पिकवतो आणि खंडापायी अर्धे पीक देऊन उपाशी राहतो. सुन्जाच्या देशातील शेतकरी भात पिकवतो आणि तो बोटीत भरून पाठवून उपाशी राहतो. दोघी एकाच व्यवस्थेच्या दोन टोकांना उभ्या आहेत. किंबहुना यामागाताच्या कुळालाही स्वस्त कोरियन तांदळाची झळ लागलीच. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकाच्या आरंभी भाव कोसळले तेव्हा जपानी शेतकरीच वसाहतींतील तांदळाची आयात आवरा म्हणून ओरडू लागला आणि १९३४ मध्ये कोरियातील उत्पादनवाढीची योजना गुंडाळावी लागली. अशा रीतीने दोन गरीब एकमेकांचे शत्रू ठरवले गेले. ओशिनसाठी रडलेल्या जपानी आजीबाईंनी सुन्जाकडे पाठ फिरवली असेल तर त्यामागे त्यांचे कठोर मन नाही; एकीचे दुःख आपल्या राष्ट्राच्या उभारणीची कहाणी म्हणून त्यांना शिकवले गेले आणि दुसरीचे दुःख त्याच उभारणीचा खर्च होता, हे कोणी सांगितले नाही.

गंमत अशी की ‘ओशिन’चाही असाच गैरसमज झाला होता. ती मालिका सुरू होते १९८३ मध्ये, जेव्हा म्हातारी ओशिन मुलाच्या सतराव्या दुकानाच्या उद्‌घाटनाच्या दिवशीच घर सोडून निघून जाते. इतके मिळवून आपण काय गमावले, असा तिचा प्रश्न होता. प्रेक्षकांनी प्रश्न बाजूला ठेवला आणि सोसण्याची महती तेवढी उचलली. ‘पाचिन्को’तही १९८९ चा धागा त्यासाठीच आहे. सुन्जाचा नातू सॉलोमन अमेरिकन बँकेत नोकरीला आहे आणि टोकियोतील एका वृद्ध कोरियन बाईने आपली जमीन विकावी म्हणून तिच्या मनधरणीला त्याला पाठवण्यात येते. जमिनीच्या किमती आकाशाला भिडलेल्या. बाई विकायला तयार नाही. तिच्या घरी पाहुणी म्हणून गेलेली सुन्जा भाताचा पहिला घास घेते आणि हा आपल्या देशाचा तांदूळ आहे हे जिभेवरून ओळखते. पुष्कळ प्रेक्षकांना हा १९८९ चा भाग कंटाळवाणा, मुख्य कथेत व्यत्यय आणणारा वाटला. कादंबरीसारखी सरळ गोष्ट सांगायला काय हरकत होती, असा त्यांचा आक्षेप आहे. रचनेचा विचार करता त्यात थोडे तथ्य असेलही. पण तो भाग काढला तर सुन्जाचे हाल ही फक्त गतकाळातली करुण कहाणी उरते आणि पाहणाऱ्याला सुस्कारा टाकून मोकळे होता येते. (मालिकेच्या नामावलीत सगळी पात्रे पाचिन्को यंत्रांच्या दालनात नाचतात त्या नाचाविषयी मात्र सगळेच फार प्रेमाने बोलतात!)

मालिका सर्वस्वी निर्दोष आहे असे मुळीच नाही. हान्सूचे पात्र तिला फार प्रिय आहे. संकट आले की हा देखणा, धनाढ्य माणूस कोठून तरी प्रकट होतो. बाँबवर्षावापूर्वी सगळ्या कुटुंबाला खेड्यात नेऊन ठेवणाराही तोच. त्यामुळे इतिहासाच्या रेट्यातून वाचायचे तर एखाद्या बड्या माणसाची कृपा हवी, असा चुकीचा ग्रह होतो. उलट, इसाकच्या अटकेला मालिकेने दिलेले कारण कादंबरीहून वेगळे आहे. कादंबरीत सक्तीच्या शिंतो वंदनाच्या वेळी झालेल्या अवज्ञेवरून त्याला पकडतात. मालिकेत कामगारांच्या चळवळीतील त्याच्या सहभागामुळे. कादंबरीच्या वाचकांपैकी काहींना हा बदल रुचला नाही. ऐतिहासिक दृष्ट्या मात्र तो अस्थानी नाही. फक्त चळवळ पडद्यावर येते ती अटकेपुरतीच. तिचे काम दिसत नाही.

आणि ते दाखवण्याजोगे होते. १९३० साली, म्हणजे सुन्जा ओसाकाला पोचण्याच्या आदल्या वर्षी, किशिवादा कापूस कंपनीच्या साकाई येथील गिरणीत कोरियन स्त्री-कामगारांनी जपानी सहकाऱ्यांसह मजुरीकपातीविरुद्ध संप केला होता. त्याच वर्षी ओसाकात राहणाऱ्या जेजू बेटावरील लोकांनी बोटकंपन्यांच्या भाड्याला कंटाळून स्वतःची सहकारी संस्था काढली, आधी एक आगबोट भाड्याने घेतली, पुढे दुसरी विकत घेतली, आणि आपल्या माणसांची ने-आण आपणच करू लागले. पोलिसांचा जाच आणि बड्या कंपन्यांची भाडेकपात यांपुढे १९३३ मध्ये ती संस्था बंद पडली. तीन वर्षे टिकली हेच विशेष. सुन्जाच्या पिढीतील निरक्षर बायका-पुरुषांनी नुसते सोसले असे ज्यांना वाटते त्यांनी या बोटीची गोष्ट ऐकायला हवी होती. मालिकेला ती सांगता आली नाही. ‘तक्रारीचा शब्द काढला नाही’ म्हणून सुन्जाला शाबासकी देणाऱ्यांना ती सांगितली असती तरी कदाचित रुचली नसती.

पुढचा इतिहास पडद्यावर ओझरता येतो, म्हणून तो सांगणे भाग आहे. १९४५ मध्ये जपानात सुमारे वीस लाख कोरियन होते. बहुतेक परतले, परतताना बरोबर एक हजार येनपेक्षा अधिक नेण्यास बंदी होती. तिकडे घर नाही, जमीन नाही, आणि देशाची फाळणी. सुमारे सहा लाख राहिले. २८ एप्रिल १९५२ रोजी शांतता-करार अमलात आला त्या दिवशी त्यांचे जपानी नागरिकत्व संपुष्टात आले. ज्या राज्याने त्यांना प्रजा म्हणून राबवले, सैन्यात आणि खाणींत ओढले, त्यानेच त्यांना एका दिवसात परके ठरवले. परक्याने नोंदणीपत्र जवळ बाळगायचे, बोटांचे ठसे द्यायचे. ठशांची ही सक्ती कायम रहिवासी कोरियनांपुरती उठली ती १९९३ मध्ये, तीही शेकडो लोकांनी ठसे देण्यास नकार देऊन खटले अंगावर घेतल्यानंतर. सरकारी नोकऱ्या बंद, मोठ्या कंपन्यांची दारे बंद. मग पाचिन्कोच्या धंद्यात कोरियन माणसे का शिरली याचे कारण निराळे सांगायला नको. सुन्जाचा मुलगा मोझासू त्याच धंद्यात आहे आणि सभ्य समाज त्याच्याकडे तुच्छतेने पाहतो.

मालिकेच्या पहिल्या पर्वाच्या शेवटी कथा थांबते आणि आठ खऱ्याखुऱ्या वृद्ध स्त्रिया कॅमेऱ्यासमोर बसून आपले अनुभव सांगतात. सगळ्या सुन्जासारख्याच, कोरियातून आलेल्या, आयुष्य जपानात काढलेल्या. प्रेक्षकांना या दृश्यांनी सर्वांत अधिक हलवले. त्यांच्या सुरकुत्या, त्यांचे हसणे, आयुष्य कठीण होते पण भागले असे त्यांचे म्हणणे, यांवर किती तरी लिहिले गेले.

त्यांच्या पिढीला निवृत्तिवेतन मिळाले का, हे कोणी विचारले नाही. जपानचा राष्ट्रीय निवृत्तिवेतनाचा कायदा १९५९ चा. त्यात नागरिकत्वाची अट होती, म्हणून कर भरणाऱ्या कोरियनांना त्यात जागा नव्हती. निर्वासितांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात जपान सामील झाला तेव्हा १९८२ मध्ये ती अट निघाली. पण मागची वर्षे जमेस धरली नाहीत. १९८६ च्या सुधारणेत ती काही प्रमाणात धरली गेली, तेव्हा १ एप्रिल १९८६ रोजी ज्यांचे वय साठ पूर्ण झाले होते त्यांना वगळण्यात आले. मालिकेतील सुन्जा त्या दिवशी सत्तरीच्या आसपास असणार. या वगळलेल्यांपैकी काही वृद्ध कोरियन स्त्री-पुरुषांनी पुढे ओसाका आणि क्योटो येथील न्यायालयांत दावे लावले. ऐंशी-ऐंशी वर्षांच्या बाया काठी टेकत न्यायालयाच्या पायऱ्या चढल्या. दावे फेटाळले गेले. अपिले झाली, तीही सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन फेटाळली गेली.